बोरन्हाणातला स्थिर अडथळा

सर्रर्र... खट्!

लोखंडी टेपचं पातं डबीत परत जाताना एवढा आवाज करतं, हे मला त्या दुपारच्या शांततेत पहिल्यांदाच कळलं. जुई दचकली. तिची मूठ उघडली, मिटली, आणि ती पुन्हा झोपली. आतल्या खोलीतला पलंग मात्र करकरला.

"कोण आहे?"

माझ्या सासूबाई शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या तरी त्यांच्या 'कोण आहे'मध्ये मैदानाच्या पलीकडच्या टोकाचं पोर हातातलं टाकून सरळ उभं राहील एवढा दम होता. मी टेप उशीखाली सरकवली. डबी आत गेली, टोक बाहेर राहिलं.

आई दारात आल्या. आधी जुईकडे बघितलं, मग उशीकडे, मग माझ्याकडे.

"काय मोजत होतीस?"

"काही नाही, आई. गादी."

"गादी मोजायला पोरीच्या पोटावरून टेप न्यावी लागते?"

मी टेपचं टोकही उशीखाली ढकललं.

"निजलेल्या मुलाला मोजू नये, केतकी. वाढ खुंटते."

"उंची नाही मोजली हो. आडवं मोजलं. मांडी घालून बसली की किती जागा अडवेल, त्याचा अंदाज घेत होते."

"अडवेल? कुणाची?"

आता हे एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं. त्या वेळी मी विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते, आणि माझा विषय होता घोळक्याची हालचाल. कुणी पुढारी नाही, कुणी हुकूम देत नाही, तरी पुष्कळ जण एकत्र हलायला लागले की त्या हलण्याला आपोआप एक वळण लागतं. पक्ष्यांच्या थव्याला लागतं, मुंग्यांना लागतं, आणि गंमत म्हणजे परातीत तांदूळ पसरून ती परात सारखी थरथरवत ठेवली तर तांदळांनाही लागतं. तांदळाला ना डोळे ना डोकं. तरी ते दिशा धरून, एकमेकांना लगटून फिरायला लागतात. मध्ये एक नाणं चिकटवलं तर त्याला शिस्तीत वळसा घालतात. मी घरीही माझ्या नवऱ्याच्या, समीरच्या, जुन्या स्पीकरवर परात ठेवून हे करत असे. "लोकांकडे तांदूळ शिजतात," आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्याकडे नाचतात."

तर, निर्जीवांत माझे तांदूळ होते आणि सजीवांत मुंग्या. विद्यापीठाची समिती म्हणाली, सजीवांचं एकच उदाहरण चालणार नाही, आणखी एक आणा. मी गप्पी मासे आणले. गप्पींनी माझ्या अख्ख्या गरोदरपणात इतकी बाळंतपणं उरकली की दर सोमवारी मोजायला जावं तर टाकीत कुटुंब वाढलेलं. आणि मंगळवारी जावं तर आईबापांनीच पिल्लं खाऊन ते पुन्हा आटोक्यात आणलेलं. मी रजेवर असताना त्यांच्यात कसलासा रोग शिरला आणि तो विषय कायमचा मिटला. आता संक्रांतीनंतर लगेच समिती बसणार होती. मुदत एकदा वाढवून घेऊन झाली होती, जुईच्या नावावर. या खेपेला दुसरं उदाहरण नसेल तर नोंदणी रद्द. तेवढी वर्षं, ती परात, त्या मुंग्या, सगळं पाण्यात.

आणि त्याच आठवड्यात आई सहज म्हणाल्या होत्या, "जुईचं बोरन्हाण जोरात करायचं हं. सोसायटीतली सगळी पोरं बोलवू."

बोरन्हाण! बाळाच्या पहिल्या संक्रांतीला त्याला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. घोळका आहे. पुढारी नाही. हुकूम नाही. खाली पांढरी चादर, वर सगळे काळ्या कपड्यांत. कॅमेऱ्याला याहून स्वच्छ काय दिसणार? आणि बरोब्बर मध्यभागी, परातीतल्या नाण्यासारखी, पाटावर बसलेली जुई.

जुई बसायची मात्र सुरेख. दहावा महिना सरत आला होता आणि पोर जागची हलत नव्हती. रांगणं नाही, सरपटणं नाही, लोळणं नाही. पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखी ऐसपैस बसायची आणि हवं ते आपल्याकडे येईल अशा खात्रीने बघत राहायची. येतही असे. डॉक्टर म्हणाले होते, काही मुलं रांगतच नाहीत, घाई करू नका. घाई आम्ही करत नव्हतो. पण लिफ्टमध्ये दातारकाकू भेटल्या की "रांगते का?" विचारायच्या, आणि मी "रांगेल" म्हणून चौथ्या मजल्याच्या बटणाकडे बघत बसायची.

हे सगळं आईंना समजावायच्या आत फोन वाजला. माझ्या मार्गदर्शक कुर्लेकर मॅडम. त्यांना फोनवर नमस्कार, कशी आहेस वगैरे जमत नसे.

"मांडणी सांग."

मी स्वयंपाकघरात गेले. "मॅडम, चादर तीन मीटर बाय तीन मीटर. कॅमेरा वरून. मुलांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या, म्हणजे प्रत्येकाचा माग काढता येईल. मध्ये अडथळा."

"अडथळा स्थिर हवा. हलला की सगळं फुकट."

"अगदी स्थिर आहे, मॅडम. दहा महिने झाले, जागचा हललेला नाही."

मागे भांडं आपटलं. आई.

मी फोन ठेवला.

"माझ्या नातीला," आई सावकाश म्हणाल्या, "तू अडथळा म्हणालीस?"

"आई, तो शास्त्रातला शब्द आहे."

"शास्त्रातला असेल. या घरातला नाही."

मग आमची बोलणी झाली. मी सगळं सांगितलं. समिती, मुदत, गप्पी, सगळं. आईंनी ऐकून घेतलं. त्यांना माझा विषय पटत नसे, पण कुणी शर्यत अर्धी सोडलेली त्यांना अजिबात खपत नसे.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण एवढी पोरं मोकाट सोडायची? मी दोन रांगा लावते. मुली इकडे, मुलगे—"

"नाही! आई, रांग लावली तर मी संपले. कुणी काही सांगायचं नाही. त्यांचं त्यांनी ठरवायचं."

आईंच्या चेहऱ्यावर मी त्यांना उघड्यावर राहायला सांगितल्यासारखं दुःख उमटलं. शेवटी तह झाला. रांग नाही. पण शिट्टी त्यांच्या गळ्यात राहील, फक्त अडीअडचणीला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या सोसायटीतल्या पोरांची शिबिरं घेत. एक शिट्टी म्हणजे जिथे असाल तिथे पुतळा, दुसरी म्हणजे पुन्हा सुरू. हे त्या पोरांच्या हाडात मुरलेलं होतं. आणि दुसरी अट: 'अडथळा' हा शब्द पुन्हा उच्चारायचा नाही. उत्सवमूर्ती म्हणायचं.

संक्रांतीच्या दुपारी समीर स्टुलावर चढून पाळण्याच्या कडीला कॅमेरा बांधत होता.

"पाळणा काढून तिथे कॅमेरा! हे पोर मोठं होऊन आपल्याला काय म्हणेल?"

"घट्ट बांध. पडला तर थेट उत्सवमूर्तीच्या डोक्यावर."

त्याने आणखी एक नाडी घेतली, मग आणखी एक. शेवटी कॅमेरा नवरदेवाच्या नारळासारखा दिसायला लागला.

पाचच्या सुमाराला घर भरलं. बायका काळ्या साड्यांत, पोरं काळ्या कपड्यांत, आणि मी दारात उभी राहून प्रत्येक पोराच्या डोक्यावर पिवळी कागदी टोपी चढवतेय. दातारकाकू म्हणाल्या, "वाढदिवसाचं आजच उरकताय का? आणि काय गं, रांगते का?"

"रांगेल," मी म्हणाले. पहिल्यांदाच मनातून वाटलं, आज तरी नको.

दुसऱ्या मजल्यावरच्या गार्गीने टोपी हातात घेऊन उलटसुलट बघितली. वय सहा, स्वभाव तहसीलदाराचा.

"जुईला का नाही टोपी?"

"ती बसून राहणार आहे ना. हलणाऱ्यांना टोपी."

"मग मी पण बसून राहीन. मला टोपी नको."

"बसून राहिलीस तर बोरं कोण घेईल?"

गार्गीने क्षणभर विचार केला आणि टोपी घातली. पुढे तिने फ्रॉकचा घेर पसरून पिशवी केली आणि मोक्याची जागा धरली.

जुईला पाटावर बसवलं. गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट, मनगटांत हलव्याची कांकणं. ती लगेच एक कांकण चोखायला लागली. औक्षण झालं. समीरने स्टुलावरूनच खूण केली, कॅमेरा सुरू. मी भिंतीला पाठ लावून लॅपटॉपसमोर बसले. आईंनी मापटं भरून वर उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात प्रथमच कुठलीही सूचना न देता ओतलं.

काय सुंदर होतं ते! बोरं उसळली, चुरमुरे उडाले, पोरं तुटून पडली. आणि पडद्यावर त्या पिवळ्या टिकल्या, कुणी न सांगता, जुईच्या एका बाजूने वळत होत्या, मागून फिरत होत्या, पुन्हा पुढे येत होत्या. अगदी माझे तांदूळ! मी लॅपटॉपला धरून ठेवलं होतं, पोर पडू नये म्हणून धरावं तसं. आणखी थोडा वेळ, मी म्हणत होते. अशीच दोन मापटी आणखी, बस.

दुसऱ्या मापट्यातलं एक बोर जुईच्या कपाळावर टप्पकन आपटलं.

सगळ्यांना वाटलं, रडणार. ती रडली नाही. तिने तोंडातलं कांकण सोडलं. पुढे वाकली. दोन्ही तळवे चुरमुऱ्यांवर टेकले. चुर्र झालं, तिला ते पटलेलं दिसलं. मग मागचा भाग वर आला. मग तशीच, चार पायांच्या स्टुलासारखी, ती बराच वेळ विचार करत राहिली.

दहा महिने मी ज्याची वाट बघत होते ते समोर घडत होतं, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "जुई, बस!"

दातारकाकूंनी माझ्याकडे वळून बघितलं.

जुई बसली नाही. एक हात पुढे, मग एक गुडघा. पाटावरून धप्पकन खाली, थेट घोळक्यात. चहूकडून पोरांचे पाय, टाचा, ढोपरं. आईंनी मापटं टाकलं आणि शिट्टी तोंडात धरली.

फुर्रर्र!

सगळी पोरं जिथल्या तिथे पुतळा. कुणी वाकलेलं, कुणाचा हात बोरावर, गार्गीचा एक पाय हवेत. कुणी श्वाससुद्धा घेईना. आणि त्या पुतळ्यांच्या मधून फक्त एक गोष्ट हलत होती: माझा स्थिर अडथळा. मुकुट कानावर घसरलेला, तळव्यांना चुरमुरे चिकटलेले, आपल्याच तालात, झुलत झुलत.

पडद्यावर पिवळ्या टिकल्या ठार थांबल्या होत्या. गेलं, मी म्हटलं. समिती, नोंदणी, सगळं गेलं. आणि मला हसू येत होतं की रडू, ते आजही सांगता येत नाही.

आईंनी अंदाज घेतला आणि दुसरी शिट्टी दिली. पोरं पुन्हा तुटून पडली. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा जुई चादरीच्या कडेला पोचली होती. मी धावले, तिला उचललं आणि अशी काही आवळली की हलव्याचा हार माझ्या साडीवर फुटला.

टाळ्या पडल्या. समीर स्टुलावरून उतरायचंच विसरला. आई रडत होत्या, आणि शिट्टी तोंडातच होती, त्यामुळे दर हुंदक्याला फुर्र व्हायचं आणि दर फुर्रला पोरं पुतळा होऊन थांबायची. शेवटी गार्गीच वैतागून म्हणाली, "आजी, एकदा काय ते ठरवा ना!"

दुसऱ्या दिवशी कुर्लेकर मॅडम तिळगूळ घ्यायला म्हणून आल्या. तिळगूळ हातात तसाच ठेवून म्हणाल्या, "दाखव."

मी दाखवलं. "एवढाच तुकडा कामाचा आहे, मॅडम. फार थोडा आहे. पुढे अड... उत्सवमूर्ती हलली." पोळीवर तूप घालणाऱ्या आईंनी मान डोलावली.

"पुढचं लाव."

"पुढे काही नाही. शिट्टी आहे."

"शिट्टीच्या पुढचं."

मी लावलं. ते मी तोवर बघितलेलंच नव्हतं; त्या वेळी माझे डोळे मिटलेले होते. मॅडम पडद्याला नाक लावून बघत राहिल्या.

"परत लाव."

लावलं.

"परत. आणि तुझी ती परात आण."

मी परात आणून स्पीकरवर ठेवली. तांदूळ नाचायला लागले. मॅडमनी नाणं उचकटलं आणि बोटाने तांदळांतून सावकाश पुढे ढकललं. नाण्याच्या पुढे तांदळाचा ढीग साचला, मागे मोकळी वाट उरली. तांदूळ धक्का बसल्यावर सरकतात. त्याआधी नाही.

"आता इकडे बघ."

पडद्यावर जुई रांगत होती आणि तिच्यापुढे ढीग नव्हता. तिच्यापुढे वाट होती. ती पोचायच्या आधीच टोप्या बाजूला होत होत्या. कुणी तिच्याकडे नीट बघतसुद्धा नव्हतं. तोंडात बोरं, हातात ऊस, झोंबाझोंबी चालूच. गार्गीने तर एका पोराशी भांडता भांडता मागचा पाय उचलला, जुई खालून गेली, आणि पाय परत टेकला. भांडण थांबलं नाही.

"अडथळा बसलेला असेपर्यंत ही पोरं तुझ्या तांदळांसारखीच होती," मॅडम म्हणाल्या. "तो चालायला लागला आणि तांदूळ वेगळे, पोरं वेगळी. बसून राहिली असती तर हे तुला कधी दिसलं असतं?"

आई तुपाची वाटी घेऊन मध्ये आल्या. "मग? बाळ येतंय म्हटल्यावर बाजूला नाही व्हायचं?"

"तेच तर, बाई," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच तिळगूळ तोंडात टाकला. "तुमच्या या 'मग'साठी हिला एक अख्खं प्रकरण लिहावं लागणार आहे."

लिहिलं. समितीपुढे मांडलं. एक सर चष्मा पुसत म्हणाले, प्रयोग फार छान आहे, पण पुन्हा करून दाखवता येईल का? मी म्हटलं, "नाही, सर. अडथळा आता धरून उभा राहतो." ते हसले, सही झाली. प्रबंधात त्या आकृतीखाली मी काय शब्द घातला हे आईंनी स्वतः भिंग लावून तपासलं.

या गोष्टीला आता सहा वर्षं होतील. हे मी लिहितेय तेव्हा धाकटा नचिकेत आतल्या खोलीत झोपलाय. उठेपर्यंतची वेळ माझी. तो चार दिवसांपूर्वी पालथा पडला, म्हणून मला ते चित्रण बघावंसं वाटलं. लावलं, तर शाळेतून आलेली जुई दप्तर न काढताच माझ्या खांद्याला टेकली.

"ही मी?"

"ही तू."

"शी! नाकात काय गेलंय?"

"चुरमुरा."

तिने पूर्ण बघितलं. आजीची शिट्टी ऐकून खुदकन हसली. मग गंभीर झाली. बोट लावून तिने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा चालवलं.

"आई, बोरं सगळी इथे मध्ये आहेत."

"हो."

"तू इथे भिंतीपाशी. आजी इथे. बाबा वर."

"हो."

"आणि मी इकडे चाललीये." तिचं बोट चादरीच्या कडेकडे गेलं, जिथे कुणी नव्हतं, काही नव्हतं. तिथेच पडद्यावर माझे दोन हात येतात आणि तिला उचलून चौकटीबाहेर नेतात. त्या घोळक्यातल्या एकूण एक पिवळ्या टिकलीची वाट मी काढून ठेवली आहे. कोण बोराकडे गेलं, कोण उसाकडे, कोण कुणाला ढकलायला. प्रत्येकीला एक बाण आहे.

जुईने ती दोन हातांची जागा पुन्हा एकदा बघितली. मग माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"तू उचललं नसतंस, तर मी कुठे गेले असते?"